‘हलगर्जीपणा’ कुणाचा आणि गुन्हा कुणाचा?

कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडा, एक शब्द हमखास सापडतो. तो शब्द म्हणजे हलगर्जीपणा. रुग्णालयात बालके दगावली की ‘प्रशासनाचा हलगर्जीपणा’. पूल कोसळला की ‘बांधकाम खात्याचा हलगर्जीपणा’. गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला की ‘ठेकेदाराचा हलगर्जीपणा’. दलित वस्तीवर हल्ला झाला आणि पोलीस चार तास उशिरा पोचले की ‘पोलिसांचा हलगर्जीपणा’. शब्द इतका सरावाचा झाला आहे की तो वाचताना आपण थबकत नाही, आणि लिहिणाराही लिहिताना थबकत नाही. मोर्चाच्या निवेदनात तो येतो, विधिमंडळातल्या भाषणात येतो, आमच्या चळवळीच्या पत्रकांतही येतो. हा शब्द थोडा उलटून पालटून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते. शब्द निरुपद्रवी नसतात. कुणाला काय म्हणायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती न्यायही असतो. शतकानुशतके ज्यांना इतरांनी ठेवलेल्या नावांनी हाक मारली गेली, त्या समाजाला हे वेगळे शिकवायला नको.

प्रथम या शब्दाचे गणगोत पाहू. बेफिकिरीसाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. निष्काळजीपणा, हयगय, दुर्लक्ष, बेपर्वाई, गफलत, कसूर, ढिलाई, चालढकल, कानाडोळा, टंगळमंगळ, कामचुकारपणा असे कितीतरी आहेत. यांतले काही संस्कृतातून आले. बेपर्वा फारसीतून आला. गाफील, गफलत आणि कसूर अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे रुळले, कारण दरबार, लष्कर आणि कचेरी यांची भाषा दीर्घकाळ तीच होती. म्हणूनच ‘कसूर’ आजही कचेरीतला शब्द आहे आणि ‘गाफील’ पहाऱ्यावरचा.

पण हे सारे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. चुलीवर दूध ठेवले, तेवढ्यात शेजारीण आली, बोलण्याच्या नादात दूध उतू गेले, तर ती गफलत. पोराला ताप आहे हे ठाऊक आहे, औषध घरात आहे, पण वेळेवर दिले नाही, तर ती हयगय. शिडीची पायरी मोडली आहे, दुरुस्त करायला हवी हे कळते, पण ‘बघू उद्या’ म्हणून महिना घालवला, तर ती चालढकल. तीच मोडकी शिडी आहे हे माहीत असून दुसऱ्याला तिच्यावर चढवले आणि आपण खाली उभे राहिलो, तर त्याला काय म्हणायचे? ही गफलत नव्हे, हयगय नव्हे आणि चालढकलही नव्हे. इथे माणसाला सगळे ठाऊक आहे. फक्त पडणारा दुसरा आहे, एवढाच त्याचा हिशेब आहे. याला बेपर्वाई म्हणता येईल, पण तोही शब्द थिटा पडतो. आणि आमचे दुःख असे की, वर्तमानपत्रांत, पंचनाम्यांत आणि चौकशी अहवालांत या शेवटच्या प्रकारालासुद्धा सरसकट ‘हलगर्जीपणा’ म्हटले जाते. उतू गेलेले दूध आणि ढकललेला माणूस एकाच शब्दाच्या टोपलीत टाकले जातात!

या शब्दाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. ‘हलगर्जीपणा झाला.’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? पाऊस झाला, अंधार झाला, तसा हलगर्जीपणा झाला. जणू तो आभाळातून पडतो. ‘अमुक अधिकाऱ्याने अमुक तारखेला अमुक काम केले नाही’ असे लिहिले तर विचारायला माणूस सापडतो. ‘प्रशासकीय पातळीवर हलगर्जीपणा झाल्याचे निदर्शनास आले आहे’ असे लिहिले की माणूस नाहीसा होतो, फाईल मात्र भरते. सरकारी मराठीतली ही किमया फार जुनी आहे.

यापुढची गोष्ट आणखी गमतीची आहे, आणि तितकीच कडू. एकाच कृतीला कोणता शब्द लागेल हे कृतीवर ठरत नाही, करणाऱ्यावर ठरते. शब्दांनाही या देशात चातुर्वर्ण्य आहे! मंत्र्याच्या हातून घडले की ती ‘अनवधानाने झालेली चूक’. सचिवाच्या हातून घडले की ‘तांत्रिक त्रुटी’. कारकुनाच्या हातून घडले की ‘दिरंगाई’. शिपायाच्या आणि झाडूवाल्याच्या हातून घडले की तो ‘कामचुकारपणा’, आणि त्याच दिवशी पगारकपात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मागासवर्गीय विद्यार्थ्याला दोन दिवस उशीर झाला की तो विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा, आणि खिडकी बंद. तीच शिष्यवृत्ती खात्याने वर्ष वर्ष थकवली, त्यापायी महाविद्यालयाने पोराचा दाखला अडवला, की ती ‘पोर्टलची अडचण’. जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेत आले नाही म्हणून प्रवेश रद्द होतो पोराचा, समितीतल्या कुणाचे काही रद्द होत नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी मार्चअखेर खर्च झाला नाही की तो ‘अखर्चित राहिला’. पैसा आपल्या पायांनी चालत गेला नाही, असाच त्याचा सूर. खर्च न करणारा कुणीतरी असतो, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

शब्दांचा हा खेळ वर्तमानपत्रांपुरता राहिला असता तर आम्ही एवढे मनावर घेतले नसते. पण तो कायद्याच्या पुस्तकातही आहे, आणि तिथे एका शब्दाच्या फरकाने माणसाच्या मरणाची किंमत बदलते.

आपल्या पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचा. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून’ हे शब्द जणू छापूनच ठेवलेले असतात. ही ‘हयगय’ कायद्यातली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये हयगयीच्या किंवा बेदरकार कृतीने मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १०६ मध्ये ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाच वर्षांवर गेली. याउलट, आपल्या कृतीने मृत्यू घडू शकतो याची जाणीव असताना ती केली तर तो सदोष मनुष्यवध ठरतो. त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते, आणि इरादा सिद्ध झाला तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे सारा प्रश्न एवढाच उरतो की त्याला ठाऊक होते की नव्हते? ठाऊक नव्हते, लक्ष नव्हते, तर हयगय. ठाऊक होते, तर मनुष्यवध. पुढचा सगळा खटला या एका शब्दावर उभा राहतो.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण भोपाळचे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. कारखान्याला लागून असलेल्या झोपडवस्त्यांतली गरीब माणसे त्यात पहिल्यांदा सापडली. साठवणुकीची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही जोडलेला नव्हता. ही यंत्रे कुणाच्या विसरण्याने बंद पडली नव्हती. ती बंद ठेवली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आरोप सदोष मनुष्यवधावरून खाली आणून कलम ३०४-अ वर ठेवला. आणि ७ जून २०१० रोजी, घटनेला पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची! जामीनही लगेच मिळाला. देशभर संताप उसळला, लोकांनी न्यायाधीशांना दोष दिला. पण दोन वर्षांचा आकडा २०१० साली ठरला नव्हता. ज्या दिवशी त्या मरणांना ‘हयगय’ हे नाव मिळाले, त्याच दिवशी तो ठरला होता.

उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. या गोळीबारालाही सौम्य नावे देण्याचे प्रयत्न काही कमी झाले नाहीत. ‘परिस्थिती हाताळण्यात चूक’ झाली, ‘गैरसमज’ झाला, असे बरेच काही सांगण्यात आले. पण लोक हटले नाहीत. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि २००९ साली न्यायालयाने त्या तुकडीच्या फौजदाराला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला हेही खरे. परंतु त्या मरणांना योग्य शब्द मिळायला बारा वर्षे लागली आणि तो लोकांनी लढून मिळवला, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता गटाराकडे वळू. या देशात गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून मरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९९३ साली हाताने मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा झाला, आणि तो अमलात आला तो दिवस होता ६ डिसेंबर २०१३, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. या कायद्याच्या कलम ७ ने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवण्यालाच बंदी केली. कलम ९ ने पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. माणूस आत उतरवला तिथेच गुन्हा पुरा झाला. तो जिवंत वर आला तरी गुन्हा, मेला तरी गुन्हा. असे असताना माणूस मेल्यावर फिर्यादीत अनेकदा काय लिहिले जाते? ‘सुरक्षेची साधने न पुरवता निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याप्रकरणी.’ म्हणजे काम रास्तच होते, फक्त ते करवून घेताना जरा काळजी घ्यायची राहून गेली! मुळात जे काम करवून घेणेच बेकायदा, त्यात काळजी आणि निष्काळजी हा प्रश्न येतोच कुठून? खिसा कापणाऱ्याने खिसा कापताना निष्काळजीपणा केला असे कुणी म्हणते काय? परंतु ‘निष्काळजीपणा’ हा एक शब्द लिहिला की २०१३ चा कायदा बाजूला पडतो, जात बाजूला पडते, आणि उरतो एक ‘दुर्दैवी अपघात’. वर पुन्हा मेलेल्यावरच ठपका ठेवणारेही निघतात. ‘तो पिऊन उतरला होता’, ‘त्याला नको म्हटले होते’ असे सांगायला ठेकेदार मोकळा आणि मेलेला मुका.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख झाली. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खाजगी गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की भरपाई शासनाने द्यावी, आणि नंतर ती जबाबदार असणाऱ्याकडून वसूल करावी. म्हणजे न्यायालयांना हे कळले आहे की यात शासनाचे कर्तव्य गुंतलेले आहे. पण भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. पैसे कुटुंबाला मिळतात, ते शासनाच्या तिजोरीतून जातात, आणि माणूस उतरवणारा पुढच्या टाकीचे कंत्राट घ्यायला हजर असतो.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही या शब्दाची एक बाजू आहे, आणि ती चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावी अशी आहे. १९८९ च्या या कायद्याचे कलम ४ म्हणते की, अनुसूचित जाती वा जमातीचा नसलेला जो लोकसेवक या कायद्याखालच्या आपल्या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करील, त्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष कैद होईल. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ही कर्तव्ये कोणती हेही मोजून सांगितले. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणे, योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवणे, फिर्यादीची प्रत ताबडतोब देणे, पीडित आणि साक्षीदारांचे जबाब घेणे, साठ दिवसांत तपास पुरा करून विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करणे, उशीर झाला तर त्याचे कारण लेखी देणे आणि कागदपत्रे अचूक तयार करणे ही ती कर्तव्ये.

इतका स्पष्ट कायदा असताना कलम ४ खाली गेलेला अधिकारी आपल्या माहितीत किती आहेत? वाचकांनी स्वतःच्या तालुक्यापुरते आठवून पाहावे. कारण उघड आहे. कायदा म्हणतो ‘जाणूनबुजून कसूर’, आणि अहवाल लिहिणारा लिहितो ‘हलगर्जीपणा’. हलगर्जीपणा म्हटला की ‘जाणूनबुजून’ हा शब्द आपोआप गळून पडतो, आणि तो गळाला की कलमही गळते. शिवाय अशा अधिकाऱ्यावर आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. चौकशी करणारा त्याच खात्याचा, त्याच्याच हातात शब्दकोश! मग निलंबन होते, निलंबन काही महिन्यांनी उठते आणि साहेब शेजारच्या जिल्ह्यात रुजू होतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यानंतर पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, म्हणजे त्यांचे चुकले हे शासनानेच मान्य केले. पण जे चुकले ते लक्ष नसल्यामुळे, की ते कुटुंब कोणत्या समाजाचे आहे यावर नेमके लक्ष असल्यामुळे? हा प्रश्न ‘हलगर्जीपणा’ या शब्दाने झाकला गेला तो आजतागायत.

त्याच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. कारवाईत जिल्हा शल्यचिकित्सक आणि इतर काही निलंबित झाले, तर कंत्राटी परिचारिकांना थेट सेवेतून काढण्यात आले. परिचारिकांची काहीच जबाबदारी नव्हती असे आमचे म्हणणे नाही. परंतु कायम नोकरीवाल्याला निलंबन आणि कंत्राटी बाईला घरचा रस्ता, हा फरक डोळ्यांवर येतो. ‘हलगर्जीपणा’ हा शब्द जिन्यावरून खाली येताना जड होत जातो आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या डोक्यावर आदळतो. ज्यांनी तपासणीच्या, दुरुस्तीच्या आणि मंजुरीच्या कागदांवर सह्या करायच्या असतात, ते वरच्या मजल्यावर राहतात.

तर मग योग्य शब्द कोणता? आम्हाला वाटते, तो शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. दर पौर्णिमेला, प्रत्येक विहारात, लग्नात आणि पुण्यानुमोदनात तो आपल्या ओठांवर असतो. पंचशीलातले पाचवे शील आठवा. सुरा, मेरय आणि मज्ज यांच्यानंतर त्यात एक शब्द येतो, पमादट्ठान. आपण त्याचा अर्थ सांगताना ‘दारू पिणार नाही’ एवढ्यावर थांबतो. पण पमादट्ठान म्हणजे पमादाचे ठिकाण, पमादाचे कारण. दारू का वर्ज्य? ती पमाद घडवते म्हणून. म्हणजे शीलाचा रोख आहे पमादावर, दारू हे त्याचे एक दार.

हा पाली पमाद म्हणजेच संस्कृत प्रमाद. मराठीत प्रमाद शब्द आला, पण येताना अर्धा अर्थ वाटेत सांडून आला. आज आपण ‘अक्षम्य प्रमाद’ म्हणतो तेव्हा मोठी चूक एवढेच म्हणतो. मूळ शब्द मात्र ‘मद्’ या धातूपासून आहे. मद, मद्य, उन्माद, मदांध हे सारे त्याचे भाऊबंद. म्हणजे प्रमाद ही नुसती चूक नव्हे. कसली तरी धुंदी चढल्यामुळे समोरचे दिसेनासे होणे, म्हणजे प्रमाद. मराठी हलगर्जीपणा विचारतो, लक्ष होते की नव्हते? पाली पमाद त्याच्या पुढे जाऊन विचारतो, लक्ष का नव्हते? कसली धुंदी होती?

अभिधम्मातल्या विभंग या ग्रंथात मदांची एक लांबलचक यादी आहे. तारुण्याचा मद, आरोग्याचा मद, लाभाचा मद, भोगाचा मद, रूपाचा मद, विद्येचा मद असे अनेक मद तिथे मोजलेले आहेत, आणि त्यांच्याच रांगेत पमादही आहे. पण या यादीचा पहिला शब्द कोणता? जातिमद! दुसरा, गोत्तमद, म्हणजे गोत्राचा मद. उच्च जन्माची धुंदी ही दारूपेक्षा जुनी आणि दारूपेक्षा कडक नशा आहे, हे त्या भिक्खूंना ठाऊक होते. आता त्या फिर्यादी, ते पंचनामे आणि ते अहवाल या शब्दाच्या उजेडात पुन्हा वाचा. गटारात दुसऱ्याला उतरवून वर उभा राहणारा बेसावध नसतो. ‘हे काम यांचेच’ ही धुंदी त्याला चढलेली असते. दलित बाईची फिर्याद टाळणारा हवालदार विसराळू नसतो. विभंगाच्या भाषेत सांगायचे तर तो जातिमदाने पमत्त झालेला असतो.

पमादाच्या उलट अप्पमाद. धम्मपदाचा दुसरा वग्ग या एका शब्दाला वाहिलेला आहे, अप्पमादवग्ग. महावंसातली परंपरा अशी की, निग्रोध नावाच्या लहान सामणेराने सम्राट अशोकाला जो उपदेश केला तो याच वग्गाचा. ज्याच्या हाती सर्वांत जास्त सत्ता, त्याला सर्वांत आधी अप्पमाद शिकवला गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात विदिशेजवळ इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हेलिओदोर या ग्रीक वकिलाचा स्तंभ आहे. तो वासुदेवाचा भक्त होता, बौद्ध नव्हता. तरी त्याच्या लेखात दम आणि त्याग यांच्या जोडीला तिसरे पद अप्रमादाचे कोरलेले आहे. इतका हा शब्द त्या काळी लोकांत रुजलेला होता. बुद्धाने सांगितले की जसे सर्व प्राण्यांची पावले हत्तीच्या पावलात मावतात, तसे सारे कुशल गुण अप्पमादात मावतात. आणि कुशीनारा येथे महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला, त्यातही हाच शब्द आहे.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात प्रकृती खालावलेली असताना पालीचे व्याकरण आणि कोश तयार करण्याचे श्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने हे काम १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. राज्यघटना, कायदेमंत्रिपद, पक्ष, महाविद्यालये एवढा पसारा पाहिलेल्या माणसाने शब्दकोशासाठी का बसावे? आम्हाला याचे उत्तर असे दिसते की, ज्या समाजाकडे स्वतःचे शब्द नसतात, त्याला आपल्या दुःखाचे वर्णनसुद्धा दुसऱ्याच्या शब्दांत करावे लागते. आणि दुसऱ्याच्या शब्दांत आपले मरण नेहमीच ‘हलगर्जीपणा’ असते.

तेव्हा करायचे काय? पालीतला शब्द उचलून उद्यापासून तक्रारअर्जात घाला, असे आम्ही म्हणत नाही. ठाणे अंमलदाराला तो कळणार नाही आणि कळला तरी तो नोंदवणार नाही. पण शब्दामागचा प्रश्न आपण नक्की विचारू शकतो. निवेदन लिहिताना ‘प्रशासनाच्या हलगर्जीपणाचा निषेध’ असे लिहून मोकळे होऊ नका. कोणत्या पदावरच्या माणसाचे कोणते कर्तव्य होते, ते कोणत्या कायद्यात लिहिले आहे, ते कोणत्या तारखेला पाळले गेले नाही, आणि त्याला आधी कळवले होते की नाही, हे चार मुद्दे लिहा. कळवल्याची पोच जोडा. कळवलेले असेल तर ‘हलगर्जीपणा’ हा शब्द तिथेच मेला. उरली ती जाणूनबुजून केलेली कसूर, आणि तिला कलम आहे. गटारातला मृत्यू असेल तर २०१३ च्या कायद्याची कलमे ७ आणि ९ लावण्याची मागणी पहिल्याच दिवशी लेखी करा. अत्याचाराची फिर्याद असेल तर ती वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. साठावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आणि याच न्यायाने एक शब्द आपल्या माणसांसाठीही. अप्पमाद ही दुसऱ्यांकडे बोट दाखवायची काठी नव्हे. पोराचे जातीचे कागद आठवीतच गोळा करणे, मतदारयादीत नाव आहे की नाही हे निवडणूक जाहीर होण्याआधी पाहणे, विहाराच्या वर्गणीचा हिशेब भिंतीवर लावणे, साक्षीदाराला तारखेच्या आदल्या दिवशी भेटून धीर देणे आणि सहा वर्षे खटला चालला तरी सहाव्या वर्षीही कोर्टात हजर राहणे, याला अप्पमाद म्हणतात. घोषणा एका दिवसाची असते, अप्पमाद रोजचा असतो. ज्यांचे शत्रू रजा घेत नाहीत, त्यांना गाफील राहणे परवडत नाही.

यापुढे कुठल्याही मरणाखाली ‘हलगर्जीपणा’ हा शब्द दिसला की वाचकांनी तो तसाच गिळू नये. त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह लावावे आणि विचारावे, ठाऊक कुणाला होते? कर्तव्य कुणाचे होते? आणि त्याच्या डोळ्यांवर धुंदी कसली होती? हे तीन प्रश्न जिथे विचारले जातात, तिथे हा शब्द टिकत नाही. तो गळून पडला की खाली गुन्ह्याचे खरे नाव आढळते.